बिल्ल्याशिवाय

म्हस्कू आप्पा माझ्यावर ओरडले तेव्हा दुपारचे पावणेतीन झाले होते. नेमकं त्याच वेळी ग्राइंडिंगचं मशीन थांबलं होतं, त्यामुळे त्यांचा शब्द न् शब्द पार गेटपर्यंत गेला असणार. "डोळं हायेत का कपाळाला? खुंटी मोकळी दिसतीया, तिच्यावर बिल्ला न्हाई, आन् तू मला फोनवर सांगतीस बोर्ड पूर्ण म्हणून? कशाच्या जिवावर सांगितलंस? उद्या ह्यो डबा तिकडं फिरला आन् आतली पत्ती दातात गेली, तर कोन निस्तरनार, तू का मी?" मी हाताची घडी घट्ट धरून उभी होते. आजूबाजूची पाच-सहा माणसं आपापल्या कामात अचानक फारच गुंग झाली होती. आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. लाज वाटली, डोळ्यांत पाणी आलं, ते सगळं झालंच. पण त्या सगळ्याच्या खाली, पोटाच्या अगदी तळाशी, काहीतरी सैल होत गेलं. इतकं बरं वाटलं की मला त्याचीच भीती वाटली. चारचौघांत बोलणी खाताना एखादीला हसू फुटलं तर लोक काय म्हणतील. मी मान खाली घातली आणि आप्पांच्या बुटांकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी ग्रीसने काळी झाली होती.

आमची कंपनी दौंडच्या बाहेर आहे. साखर कारखान्यांचे मोठमोठे गिअरबॉक्स इथं दुरुस्तीला येतात. कामगार त्यांना डबाच म्हणतात, जरी त्यातल्या एखाद्यात माणूस उभा मावेल. माझा नवरा महेंद्र इथे अकरा वर्षं फिटर होता. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये वरवंडजवळ हायवेवर तो गेला. कामावरचा माणूस गेला तर वारसाला नोकरी द्यायची, असा युनियनचा जुना करार आहे, तो कागद फिरत फिरत वर्षाने माझ्यापर्यंत आला आणि घरात शिलाई मशीनवर ब्लाउज शिवणारी मी सप्टेंबरात टूल रूमच्या खिडकीमागे येऊन बसले. सहा महिने बघणार, मग कायम करणार की नाही ते ठरणार. लेक आठवीत आहे, माझी आई जाईबाई इनामगावहून माझ्याकडे येऊन राहिली आहे, आणि तिघींचं घर ह्या खिडकीवर उभं आहे. हे मला रोज पहाटे चार वाजता कुणीतरी कानाशी येऊन सांगत असल्यासारखं आठवायचं. मग झोप कसली. उठून पिशवी तपासायची, ओळखपत्र, डबा, चष्मा. पुन्हा आडवं व्हायचं, पुन्हा उठून ओळखपत्र बघायचं. आई पडल्या पडल्या म्हणायची, "पाय फुटल्यात का काय त्या कार्डाला?"

काम तसं सोपं. खिडकीच्या आत भिंतभर लाकडी बोर्ड आहे, त्यावर खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीमागे त्या त्या हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली. कामगाराने यायचं, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि हत्यार न्यायचं. बिल्ला त्या खुंटीवर लटकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. म्हणजे कुठलीही खुंटी कधीही रिकामी दिसता कामा नये, एक तर हत्यार, नाही तर बिल्ला. डब्याचं झाकण बसवायच्या आधी आप्पा फोन करून विचारतात, "बोर्ड पूर्ण?" त्या डब्यावर गेलेलं सगळं परत आलं असेल तरच मी पूर्ण म्हणायचं. कारण एकदा झाकण बसलं, चाळीस बोल्ट आवळले, की आत काय राहून गेलं ते कुणाला दिसत नाही. दिसतं ते थेट कारखान्यात, गळीत हंगाम सुरू झाल्यावर, दाते तुटल्यावर. माझ्या आठवीतल्या पोरीलाही जमेल असं काम आहे. मला सात आठवडे जमलं नाही.

जमलं नाही ते माया फार झाली म्हणून. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण तसंच आहे. पहिल्या दिवशी खिडकीत स्टुलाऐवजी खुर्ची आली, खुर्चीवर उशी आली. सम्राट साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, वयाने माझ्यापेक्षा लहान, ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त बसा, बाकी पोरं बघून घेतील." तेव्हापासून अख्ख्या कंपनीची मी वहिनी. चहा जागेवर यायचा. संध्याकाळी बोर्ड लावायला दोघं यायचे. रजिस्टरसुद्धा कुणीतरी भरून ठेवायचं. मी चुकीचा पाना दिला तर कुणी चकार शब्द काढायचं नाही. घेऊन जायचे, आणि थोड्या वेळाने दुसराच कुणीतरी येऊन बरोबरचा मागून न्यायचा. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. बावीसचा पाना मागितल्यावर मी वीसचा दिला होता, तो निमूट गेला, आणि मग चहाच्या वेळी मी माझी मीच ताळा जुळवत बसले, की सोमवारी तो एक जण पुन्हा का आला होता, शुक्रवारी ते दोघं एकामागे एक का आले होते. त्या दिवसापासून माझी जी उरलीसुरली झोप होती तीही गेली. आपण चुकतोय ह्याची भीती एक वेळ परवडते. आपण कधी चुकलो आणि कधी बरोबर होतो हेच कळेनासं झालं की पायाखाली काही राहत नाही. कुणी "आभारी आहे वहिनी" म्हटलं तरी मला धडकी भरायची, वाटायचं, हा आता परत येणार नाही ना.

उपाय केले नाहीत असं नाही. लेकीने मोबाईलवर एका कोटवाल्या माणसाचा व्हिडिओ दाखवला, नव्या नोकरीत आत्मविश्वास कसा मिळवावा. आरशासमोर उभं राहून मी करू शकते असं एकवीस वेळा म्हणायचं. मी म्हणून पाहिलं. अकराव्या वेळी कुकरची शिट्टी झाली आणि मी करू शकते ते काय, तर गॅस बंद. रविवारी विहारात आनापान शिकवायला एक बाई येतात. त्या म्हणाल्या, नाकपुडीशी नुसता श्वास बघा, आला, गेला. सहाआसनी रिक्षात बसून मी श्वास बघायची. रेल्वेच्या मोरीखालून रिक्षा बाहेर पडेपर्यंत चांगला दिसायचा. पुढे कंपनीची निळी पत्र्याची भिंत दिसली की श्वास निघून जायचा आणि नाकाच्या शेंड्याशी सतरा-एकोणीसचा पाना येऊन उभा राहायचा. गेटच्या आत सूचना फलकाशेजारी महेंद्रचा फोटो लावला आहे. हसरा. मी त्याच्याकडे न बघता आत जायची. मला वाटायचं, आज मी जे काही घोटाळे करणार आहे ते ह्याच्या नावावर जाणार आहेत. कुणी माझं नाव घेऊन चिडणार नाही. म्हणतील, जाऊ दे, महेंद्रची बायको आहे. अकरा वर्षं त्याने झिजून जे नाव कमावलं ते मी खिडकीत बसून रोज थोडं थोडं खर्चत होते.

आणि बिल्ला. बिल्ला मागायला माझी जीभच रेटायची नाही. माऊली भावजी खिडकीशी येत, हात आत घालत आणि म्हणत, "वहिनी, फिलर गेज द्या की." माऊली म्हणजे महेंद्रच्या जोडीचा फिटर, यवतचा. दोघांनी एका दिवशी कामाला सुरुवात केली, एका डब्यातलं खाल्लं. महेंद्रला दवाखान्यातून आणलं तेव्हा गाडीत त्याच्या डोक्याशी बसलेला माणूस हाच. त्यानंतर वर्षभर कंपनीच्या ऑफिसात माझ्या कागदामागे चपला झिजवणारा माणूस हाच. त्याच्यासमोर हात पसरून म्हणायचं की आधी बिल्ला ठेवा? म्हणजे तुमचा भरवसा नाही, असंच ना? मी हत्यार देऊन टाकायची. मग त्याचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. सातव्या आठवड्यापर्यंत माझ्या बोर्डावर ज्या खुंट्या रिकाम्या असत त्यांतल्या निम्म्यांवर काहीच नसे, आणि कुणाकडे काय आहे ते मी तोंडपाठ ठेवायची. तेवढं एक मला जमत होतं, नातेवाइकांत कुणाकडे आपलं कोणतं पातेलं गेलंय ते बायका ठेवतात तसं.

एकटे म्हस्कू आप्पा कधी खिडकीशी आले नाहीत. ते आमचे चार्जहँड, म्हणजे मुकादम, छप्पन्न वर्षांचे, मिशा पांढऱ्या, घरची मेंढरं मोडून चाळीस वर्षांपूर्वी लोखंडात शिरलेले. महेंद्रला काम त्यांनीच शिकवलं. माझ्याशी बोलायचे ते फोनवर, तेही दोन शब्द. समोर दिसले की वळून जायचे. मी ठरवून टाकलं होतं की ह्यांना मी इथं नको आहे. बाकी सगळ्यांच्या मायेखाली दबून गेले असताना मला रात्रंदिवस धाक होता तो ह्या एका न बोलणाऱ्या माणसाचा.

आज काय झालं ते सांगते. शिरूरकडच्या एका साखर कारखान्याचा डबा आज संध्याकाळी ट्रकवर चढायचा होता. तिकडे ऊसतोडीच्या टोळ्या येऊन पडल्यात, बॉयलर पेटलाय, दिवसातून चार फोन. साडेबाराला आप्पांचा फोन आला, "बोर्ड पूर्ण?" मी बघितलं. फिलर गेजची खुंटी मोकळी. फिलर गेज म्हणजे पोलादी पातळ पत्त्यांचा जुडगा, दोन भागांमधली फट मोजायला लागतो. मुठीत मावतो, खिशात विसरतो. सकाळी माऊली भावजींनी नेलेला, मला पक्कं ठाऊक होतं. ते खिडकीसमोरूनच चालले होते. मी हाताने खूण केली, त्यांनी खिशावर थाप मारली, "हाय हाय माझ्याकडंच, देतो जेवून आल्यावर." मी फोनमध्ये म्हणाले, पूर्ण. एवढंच. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा माझे तळवे ओले झाले होते, पण माझे तळवे सात आठवडे ओलेच होते, त्यांच्याकडे कोण लक्ष देतं.

दोन वाजता भावजी आले ते चेहरा उतरलेला. खिशात होता तो त्यांचा चष्म्याचा डबा. फिलर सापडेना. बाक बघितलं, पेटी बघितली, बाथरूम बघितलं. झाकण तर बसलं होतं, बोल्टही आवळून झाले होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून दुसरा फिलर काढला, त्यांच्या स्वतःच्या मालकीचा, घरून आणलेला. खिडकीतून आत सरकवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यो टांगा, वहिनी. मिटलं. तुमचं सहा महिनं व्हायचंत अजून, उगं बोभाटा नगं. कंपनीचा त्यो पडला आसंल कुठंतरी भाईर." त्यांचे डोळे लाल झाले होते. मला वाचवायला निघाले होते बिचारे, आणि थोडं स्वतःलाही. मी तो फिलर घेतला. टांगलासुद्धा. बोर्ड पूर्ण दिसायला लागला. मी खुर्चीवर बसले, उशीवर, आणि त्या खुंटीकडे बघत राहिले. आजवर माझ्या सगळ्या चुका अशाच कुणी कुणी टांगून झाकल्या होत्या, हे मला तेव्हा लख्ख दिसलं. ही शेवटची झाकली की मग मी कायम होणार. कायम वहिनी. आणि शिरूरकडे कुठंतरी तो डबा फिरायला लागेल, रोज मी पहाटे चारला उठून त्याचा आवाज ऐकत पडणार, दात पत्तीला लागला का, आज लागला का. मी उठलेच. वीस पावलं असतील आप्पांच्या टेबलापर्यंत. कशी गेले आठवत नाही. त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाले, "आप्पा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. फिलर डब्यात असंल. खुंटी मोकळी होती. आन् आता तिच्यावर जो हाय तो आपला न्हाई."

मग ते ओरडले. जसे महेंद्रवर ओरडत असत, आणि महेंद्र घरी येऊन जेवताना त्यांची नक्कल करत असे, डोळ्यांपासून कपाळापर्यंत सगळं. जसे काल एका ट्रेनीवर ओरडले होते. तेच शब्द, तोच हात वर. नक्कल मी शंभरदा पाहिली होती, अस्सल माल आज पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला. सात आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे बघून सांगत होतं की हे चुकलं, आणि कसं चुकलं, आणि काय करायला हवं होतं. "बिल्ला का न्हाई घेतला? लाज वाटली? लाज घरी ठिवून येयाची. म्या मागितलं हत्यार तरी बिल्ल्याबिगर द्याचं न्हाई. मालक आला तरी न्हाई. कळलं का?" मी म्हणाले, "कळलं." आणि कळलं होतंही.

चाळीस बोल्ट सोडायला पाऊण तास लागला. मी टूल रूममध्ये गेले नाही, तिथंच उभी राहिले. माऊली भावजी खाली मान घालून पाना फिरवत होते. क्रेनने झाकण उचललं तेव्हा तेलाचा उग्र गरम वास आला, महेंद्रच्या कपड्यांना यायचा तो. कपडे मी वर्षापूर्वी देऊन टाकले होते आणि तो वास कुठं गेला असेल असं मला कधी कधी वाटायचं. तो इथंच होता. मला रडू आलं, पण ते वेगळं रडू होतं, त्यात भीती नव्हती. आप्पा बॅटरी घेऊन वाकले. मग हात घालून त्यांनी फिलर बाहेर काढला. बेअरिंगच्या मागच्या काठावर आडवा बसला होता, हादरला असता की थेट दातांत. कापडाने पुसला आणि माझ्या हातात दिला. "ट्रक उद्या जाईल," ते म्हणाले. मग ग्रीसचे हात पुसत, माझ्याकडे न बघता, "उद्या आर्धा तास आधी ये. पान्यांची मापं शिकवतो. हे आधीच कराया पायजे व्हतं म्या. तुला तिथं बसल्याली बघितलं की पोरगं डोळ्याम्होरं यायचं माझ्या, म्हणून फिरकलो न्हाई. चूक हाय ती." एवढं बोलून ते दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेले.

सुटायच्या वेळी सम्राट साहेबांनी मला आणि भावजींना एकेक मेमो दिला. माझा देताना म्हणाले, "वहिनी, प्रोसिजर आहे, मनाला लावून घेऊ नका." मी तो तिथंच उभ्या उभ्या वाचला. वर माझं पूर्ण नाव, पुढे टूल रूम सहायक, पुढे माझा नंबर. आपण कामात निष्काळजीपणा केला आहे, तरी अठ्ठेचाळीस तासांत लेखी खुलासा करावा. साहेबांना वाटलं मी फार वेळ वाचते आहे म्हणजे मला फार लागलंय. गेटपाशी भावजी मोटारसायकल ढकलत आले. "तुम्ही काय लिवत बसू नगा, वहिनी. दोन्ही खुलासं मी लिवतो. समदी चूक माझ्यावर घेतो. तुम्ही निस्ती सही करा."

"तुमची तुम्ही लिहा, भावजी," मी म्हणाले. "माझी मला लिहू द्या."

त्यांनी मोटारसायकल स्टँडला लावली. मग हसले, बऱ्याच दिवसांनी नीट हसले. मला वाटतं त्यांचंही ओझं थोडं उतरलं असावं. मेलेल्या मित्राची बायको सांभाळणं हेही नोकरीसारखंच काम आहे, आणि त्याला सुट्टी नसते.

घरी आई भाकरी थापत होती. मी मेमो शिलाई मशीनच्या फळीवर ठेवला. शिक्का बघून ती हात पुसत उठली. "कायम झालीस?"

"न्हाई. मेमो मिळाला."

"ते काय आसतं?"

"माझं चुकलं म्हणून कंपनीनं लेखी दिलंय."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग हसतीस कशापायी?" मी तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिची भाकरी करपली. मग म्हणाली, "मला बी वरडलं व्हतं." आणि जे मला सदतीस वर्षांत तिने कधी सांगितलं नव्हतं ते सांगायला लागली. लग्नाआधी ती इनामगावच्या पांढरीवर मजुरीला जायची, जुनी वस्ती उकरायला लोक आले होते तेव्हा. पहिल्याच दिवशी तिच्या पाटीत रंगीत खापरं निघाली. मातीत लडबडलेली. पाहुण्यांच्या हातात घाण कशी द्यायची म्हणून ती पाटी घेऊन घोड नदीवर गेली आणि सगळी खापरं घासून घासून चकचकीत करून आणली. "त्यो सायेब असा वरडला. त्यास्नी मातीसकट पायजे व्हतं. कुठलं कुठं निघालं ते समदं म्या धुऊन टाकलं. मला वाटलं, आता घालवत्यात. तर दुसऱ्या दिशी मला हातात बुरूस दिला आन् शेजारी बसवून दावलं कसं करायचं. ज्या बाईला घालवायचीय, तिला कोन शिकवीत बसतंय?"

मी फळीवर कागद घेतला. लेक क्लासहून आली नव्हती, घर शांत होतं. चष्मा लावला. फार लिहायचं नव्हतं. लिहून झाल्यावर आई म्हणाली, वाच. मी वाचलं, "फिलर गेजची खुंटी रिकामी असल्याचे मला दिसले होते. तिच्यावर बिल्ला नव्हता. तरीही मी बोर्ड पूर्ण असल्याचे सांगितले. ही चूक माझी आहे. यापुढे कोणालाही बिल्ल्याशिवाय हत्यार देणार नाही."

"आन् महेंद्रचं काय न्हाई लिवलं? त्याच्या जागी लागलीस ते?"

"न्हाई."

आईने करपलेली भाकरी बाजूला काढली, नवा गोळा घेतला आणि परातीत मळायला लागली. "बरं केलंस," ती म्हणाली. "त्यानं त्याचं काम केलंय."

मी खाली सही केली आणि पहिली भाकरी मला वाढ म्हणाले.